बादली, घड्याळ आणि मेंब्रेन: आरओ-यूएफचा हिशोब पहिल्यापासून

जानेवारीतल्या एका सकाळी पलूस तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. तिथं पाण्याचं एटीएम आहे. नाणं टाकलं की वीस लिटरचा जार भरतो. प्लांट बघणारा पोरगा म्हणाला, "सर, मेंब्रेन गेलं ओ. पावसाळ्यात साडेनऊ किलोवर तासाला साडेसातशे लिटर यायचं, आता बारा किलो दिल्याशिवाय येईना. चारही बदलायला लागतील म्हणतायत."

"टाकीतल्या पाण्याचं तापमान किती आहे?"

"तापमान? ते कशाला मोजायचं?"

त्या गावातली चारही मेंब्रेन, म्हणजे पाण्यातले क्षार अडवणारे आरओचे पडदे, आजही तीच आहेत. ती कशी वाचली ते पुढं येईलच. हा लेख त्या पोरासारख्यांसाठी आहे, आणि केमिकल किंवा बायोटेकची पदवी घेऊन कुपवाडच्या एमआयडीसीत नुकतंच कामाला लागलेल्या मुलामुलींसाठीही. मॉडेलिंग, म्हणजे प्लांटचं वागणं आकड्यांत मांडणं, म्हटलं की त्यांना सॉफ्टवेअर आठवतं. मला बादली आठवते. हातात बेरीज-भागाकार आणि एक लॉगरिदम असला तरी नव्वद टक्के काम होतं, आणि नंतर सॉफ्टवेअर उघडलं तर त्यानं दिलेला आकडा खरा की खोटा हे कळतं.

आधी सामान

वीस लिटरची बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, टीडीएस मीटर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये), साधा थर्मामीटर, दोन प्रेशर गेज आणि एक वही. गेज एक मेंब्रेनच्या आधी आणि दुसरा रिजेक्टच्या, म्हणजे अडलेले क्षार घेऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या लायनीवर, व्हॉल्व्हच्या अलीकडं. आपल्याकडं गेजवर 'किलो' वाचतात. किलो आणि बार यांत दोनच टक्क्यांचा फरक आहे, या हिशोबात तो सोडून द्या.

प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरवर विश्वास ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण एकदा तरी बादलीनं तपासा. ज्या प्लांटची गोष्ट सांगतोय तिथं रोटामीटर साडेआठशे दाखवत होता आणि वीस लिटरची बादली भरायला ९६ सेकंद लागत होते. म्हणजे तासाला ७५०. आतून शेवाळ धरलं की रोटामीटर असा थापा मारतो.

टीडीएस मीटरचंही एक गुपित आहे. तो क्षार मोजतच नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि ठरलेल्या गुणकानं गुणून आकडा दाखवतो. हा गुणक कुठं ०.५ असतो, कुठं ०.७. म्हणून त्याच पाण्याची प्रयोगशाळेत एकदा पूर्ण तपासणी करून घ्या आणि आपला मीटर किती पुढं-मागं आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तपासणीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी, सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट, लोह आणि सिलिका हवेतच. सिलिका बहुतेक जण विसरतात.

कुठलं मेंब्रेन?

इथं नवखा माणूस हमखास चुकतो. पाणी गढूळ दिसलं की आरओ लावायला निघतो.

मायक्रोफिल्ट्रेशनची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याच्या वरची, अल्ट्राफिल्ट्रेशनची, म्हणजे यूएफची, ०.०१ ते ०.१ मायक्रॉन. यूएफ गाळ, जिवाणू आणि मोठी प्रथिनं अडवतं; विरघळलेलं मीठ त्यातून सरळ पलीकडं जातं. नॅनोफिल्ट्रेशन कॅल्शियम-मॅग्नेशियम बऱ्यापैकी अडवतं. आरओच्या पडद्याला तर छिद्रंच नाहीत असं धरून चालायचं: पाणी पडद्यात विरघळतं, पलीकडं झिरपतं आणि बाहेर पडतं. १९६० च्या सुमाराला कॅलिफोर्नियात सिडनी लोएब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी वरून अतिपातळ कातडी आणि खाली सच्छिद्र आधार असा पडदा तयार केला. आरओ धंद्यात उतरलं ते त्यानंतर.

आता सांगलीचं बघा. कृष्णेचं पाणी पावसाळ्यात चहासारखं होतं, पण त्यात क्षार सहसा कमी असतात. तिथं गाळ बसवून, वाळूतून गाळून, वाटलं तर यूएफ लावून वर क्लोरिन दिलं की भागतं. शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याचं नाव सांगलीकराला सांगायला नको, त्यामुळं क्लोरिनला सुट्टी नाही. याउलट वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून क्षारपड झालेल्या जमिनीतली बोअर. ते पाणी काचेसारखं नितळ असतं आणि तोंडात घेतलं की मचूळ लागतं. आरओचं काम तिथं.

भारतीय मानक १०५०० प्रमाणं पिण्याच्या पाण्यात एकूण विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५. ऊस-द्राक्षाच्या भागात नायट्रेट बघाच, कारण आरओ त्याला मिठाइतकं घट्ट अडवत नाही.

ताळेबंद जुळतो का?

गावातल्या प्लांटचे आकडे घेऊ. आत जाणारं पाणी तासाला १५०० लिटर, टीडीएस १८००. गोडं पाणी ७५० लिटर, टीडीएस ६०. रिजेक्ट ७५० लिटर. रिजेक्टचा टीडीएस किती असायला हवा?

आत येणारे क्षार: १५०० गुणिले १८००, म्हणजे तासाला २७ लाख मिलिग्रॅम. गोड्या पाण्याबरोबर गेले ७५० गुणिले ६०, म्हणजे ४५ हजार. उरलेले २६ लाख ५५ हजार मिलिग्रॅम ७५० लिटरमध्ये. भागाकार ३५४०.

मीटर रिजेक्टमध्ये बुडवा. ३४०० ते ३७०० दाखवला तर पुढं चला. २८०० दाखवत असेल तर तीनपैकी एक: कुठला तरी प्रवाह चुकीचा मोजलाय, मीटर चुकतोय, नाहीतर क्षार आतच मेंब्रेनवर बसतायत. ताळेबंद जुळेपर्यंत पुढची पायरी चढू नका. मी चढलोय, दोन दिवस वाया घालवलेत.

पाण्याचा गुणांक: याला 'अ' म्हणू

पाणी मेंब्रेनमधून ढकलायला जो दाब देतो त्यातला काही भाग क्षारच खाऊन टाकतात. खारं पाणी गोड्या पाण्याला आपल्याकडं ओढतं, त्या ओढीला परासरण दाब म्हणतात. मोठा हिशोब न करता ध्यानात ठेवायचं ते इतकंच: मिश्र क्षारांच्या दर १००० टीडीएसला साधारण ०.७ बार, निव्वळ मिठाला ०.७८ च्या आसपास. समुद्राच्या पाण्याला हाच दाब २५ बारच्या वर जातो, म्हणून समुद्राच्या प्लांटचे पंप तसले दांडगे.

उरलेला तो खरा ढकलणारा दाब. मेंब्रेनच्या एक चौरस मीटरमधून तासाला जितके लिटर पाणी जातं त्याला या धंद्यात फ्लक्स म्हणतात, एकक एलएमएच. फ्लक्स म्हणजे 'अ' गुणिले ढकलणारा दाब. आरओचं अख्खं मॉडेल या एका ओळीवर उभं आहे.

'अ' मेंब्रेनच्या माहितीपत्रकातूनच काढता येतो. समजा चार इंची मेंब्रेनच्या पत्रकावर लिहिलंय: क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर, चाचणीचं पाणी २००० टीडीएसचं मिठाचं, दाब १५.५ बार, तापमान २५ अंश, रिकव्हरी (आत गेलेल्या पाण्यातलं गोडं झालेलं) १५ टक्के, दिवसाला ९.१ घनमीटर गोडं पाणी, क्षार अडवण्याचं प्रमाण ९९.५ टक्के. दिवसाला ९१०० लिटर भागिले २४ तास भागिले ७.२, फ्लक्स आला ५२.७. आत येणारं २००० आणि १५ टक्के पाणी काढल्यावर उरणारं २३५३ यांची सरासरी २१७६, त्याचा परासरण दाब १.७ बार. ढकलणारा दाब १३.८. 'अ' आला ३.८ एलएमएच प्रति बार.

हाच 'अ' आता गावाच्या प्लांटला लावू. चार मेंब्रेन, एकूण २८.८ चौरस मीटर; ७५० लिटरसाठी फ्लक्स २६. त्याला ३.८ नं भागलं की ६.८ बार ढकलणारा दाब हवा. आत येणारं १८०० आणि बाहेर जाणारं ३५४० यांची सरासरी २६७०, म्हणजे १.९ बार. पण पाणी पलीकडं गेलं की क्षार पडद्यापाशी गर्दी करून उभे राहतात, जत्रेत दाराशी होते तशी. तिथली तीव्रता मधल्या प्रवाहापेक्षा दहा टक्के जास्त धरा: २.१ बार. आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये एक बारचा फरक आहे, त्याचा निम्मा ०.५. बेरीज साडेनऊच्या जवळ. पावसाळ्यात पोरगा साडेनऊ किलोवर चालवत होता. मॉडेल आणि गेज एकमेकांना ओळखतात म्हणायचं.

थंडीचा हिस्सा वेगळा काढा

जानेवारीत गेजवर बारा. ढकलणारा दाब बारा वजा २.१ वजा ०.५, म्हणजे ९.४. फ्लक्स तोच २६. 'अ' उरला २.७७. पत्रकाशी ताडला तर २७ टक्के घट. एवढ्यावर कुणीही म्हणेल की मेंब्रेन गेलं, आणि गावात तेच म्हणत होते.

पण थंड पाणी दाट असतं, पडद्यातून संथ जातं. दर अंशाला सुमारे तीन टक्के. बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत रात्रभर पडून होतं. थर्मामीटरनं २० अंश दाखवले. २५ अंशांशी तुलना करायला २.७७ ला ०.८६ नं भागायचं: ३.२. घट झाली १५ टक्के. म्हणजे त्या २७ मधला जवळजवळ निम्मा दोष थंडीचा होता आणि तो मार्चमध्ये आपोआप जाणार होता.

उरलेले १५ टक्के मात्र खरे. तापमान आणि दाबासाठी दुरुस्त केलेला प्रवाह दहा ते पंधरा टक्के घसरला की मेंब्रेन धुवायला घ्यायचं, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम. त्याहून उशीर केला तर थर घट्ट बसतो आणि धुऊनही निघत नाही. आम्ही सायट्रिक अॅसिडच्या द्रावणानं धुतलं; वाहून आलेल्या पाण्यात कॅल्शियम भरपूर होतं. 'अ' परत ३.६ वर आला.

धुण्याच्या आधीच्या गोष्टी थोडक्यात. आरओच्या पॉलिअमाइड पडद्याला क्लोरिन सोसत नाही, ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, त्यासाठीच कार्बन फिल्टर किंवा बायसल्फाइटचा डोस असतो. आणि नदीचं पाणी देणार असाल तर गाळ-घनता निर्देशांक (पाण्यातला बारीक गाळ फिल्टर किती लवकर तुंबवतो त्याचं माप), ज्याला सगळे एसडीआय म्हणतात, तो पाचाच्या आत, शक्यतो तिनाच्या आत हवा.

मिठाचा गुणांक: हा 'ब'

'अ' सांगतो पाणी किती सहज जातं, 'ब' सांगतो मीठ किती चोरून जातं. मिठाला दाबाशी देणंघेणं नाही, त्याला फक्त दोन बाजूंच्या तीव्रतेतला फरक दिसतो. पत्रकावरून: ५२.७ गुणिले ०.५ भागिले ९९.५, 'ब' आला ०.२६. गोड्या पाण्याचा अंदाजे टीडीएस म्हणजे 'ब' गुणिले सरासरी तीव्रता भागिले फ्लक्स. ०.२६ गुणिले २६७० भागिले २६, उत्तर सत्तावीस.

यातून एक गंमत निघते. दाब कमी केला की पाणी कमी येतं, पण मीठ तेवढंच येत राहतं. म्हणून हळू चालवलेल्या प्लांटचं पाणी जास्त खारट येतं. "मेंब्रेनला आराम देतोय" म्हणून दाब उतरवणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, मीटर दाखवावा लागतो.

असो. मॉडेल म्हणतं २७, मीटर म्हणतो ६०. अशा वेळी मॉडेलला नावं ठेवण्याआधी प्रत्येक हाउसिंगचं, म्हणजे मेंब्रेन बसवलेल्या नळकांड्याचं, पाणी वेगळं मोजा. तिथं दोन हाउसिंग होती, प्रत्येकात दोन मेंब्रेन. पहिल्याचं पाणी २४, दुसऱ्याचं ९६. दुसऱ्यात खारं पाणी जातं म्हणून थोडं जास्त येणारच, पण चौपट नाही. उघडलं तर जोडणीच्या नळीवरची ओ-रिंग चिमटून फाटलेली. तिची किंमत चहाच्या दोन कपांएवढी.

किती पिळायचं?

रिकव्हरी म्हणजे आत गेलेल्या पाण्यातलं गोडं होऊन किती बाहेर आलं. अर्धं आलं तर रिजेक्ट दुप्पट तीव्र, पाऊण आलं तर चौपट. सूत्र: एक भागिले, एकातून रिकव्हरी वजा.

माझ्या पहिल्या प्लांटवर मी ही रिकव्हरी ७५ टक्के ठेवली होती, एका ऑगस्टमधल्या नमुन्याच्या जोरावर. पावसानं बोअर पातळ झालेली, टीडीएस ११०० च्या घरात. मे महिन्यात तीच बोअर १८०० वर गेली आणि शेवटचं मेंब्रेन हातात घेतलं तेव्हा ते आतून दगडासारखं झालं होतं. दोष पाण्याचा नव्हता. नमुना वर्षातून दोनदा घ्यायचा, आणि डिझाइन उन्हाळ्याच्या नमुन्यावर करायचं.

आपली जमीन बेसाल्टाची, त्यामुळं भूजलात सिलिका असतेच. २५ अंशांना पाण्यात सिलिका १२० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळून राहते, पुढं ती पडद्यावर काचेसारखी बसते आणि अॅसिडला दाद देत नाही. समजा बोअरमध्ये ४० आहे. १२० भागिले ४०, म्हणजे तिप्पटच्या पुढं जायचं नाही. रिकव्हरी फार तर ६७ टक्के. अँटिस्केलंट, म्हणजे थर बसू न देणारं रसायन, घातलं तर थोडी मुभा मिळते, पण नवख्यानं ती मुभा गृहीत धरू नये. कॅल्शियम कार्बोनेट आणि सल्फेटचा हिशोब पीएच आणि इतर क्षारांत गुंतलेला असतो. तिथं मात्र मेंब्रेन कंपन्यांचं फुकट मिळणारं डिझाइन सॉफ्टवेअर वापरा. आत भरायला आता तुमच्याकडं खरे आकडे आहेत.

हेच गणित निवळीला लावू नका

जिल्ह्यात दूधधंदा मोठा. पनीर किंवा चक्का झाला की उरते ती निवळी. तिच्यातली प्रथिनं यूएफनं वेगळी काढता येतात: दुग्धशर्करेचा रेणू ३४२ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), तर निवळीतली मुख्य प्रथिनं १४ ते १८ हजार डाल्टनची. १० किलोडाल्टनच्या मेंब्रेनवर प्रथिनं थांबतात, शर्करा पाण्याबरोबर निघून जाते. एक सावधगिरी: पनीरसाठी दूध खूप तापवतात, त्यात निवळीतली बरीच प्रथिनं केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटून पनीरमध्येच जातात. चीजच्या निवळीचे पुस्तकातले आकडे पनीरच्या निवळीला लावले तर पहिल्याच दिवशी तोंडघशी पडाल. आधी प्रथिनं मोजा.

आरओची सवय झालेला माणूस इथं फ्लक्स घसरला की दाब वाढवतो. थोडा वेळ वाढतोही, मग तिथंच अडकतो. प्रथिनांचा सायीसारखा थर पडद्यावर बसतो आणि दाब वाढवाल तसा तो जाड होतो. इथं फ्लक्स दाबावर ठरत नाही, तीव्रतेच्या लॉगरिदमवर ठरतो.

प्रयोग छोट्या मेंब्रेनवर करायचा. तापमान आणि वरून वाहणाऱ्या प्रवाहाचा वेग बदलू द्यायचा नाही. समजा प्रथिनं अर्धा टक्का असताना फ्लक्स ४२, एक टक्क्याला ३५, दोन टक्क्यांना २८. दर दुपटीला सात कमी. सातला दोनच्या नैसर्गिक लॉगनं, म्हणजे ०.६९३ नं भागा: १०.१. हा झाला पडद्यापासून प्रथिनं मागं वाहून जाण्याचा वेग. २८ मधून सात-सात काढत गेलं की आणखी चार दुपटींत फ्लक्स शून्य. दोन टक्के चार वेळा दुप्पट म्हणजे ३२ टक्के. तिथं थराचा गोळा होतो, पुढं काही जाणार नाही.

आता ५०० लिटर निवळी, दोन चौरस मीटर मेंब्रेन, आणि ५० लिटरपर्यंत आटवायचं. सुरुवातीच्या ४२ वर हिशोब केला तर ४५० भागिले ८४, सुमारे पाच तास वीस मिनिटं. पण शेवटी प्रथिनं पाच टक्के झाली की फ्लक्स १८.७ वर आलेला असतो. एक्सेलमध्ये २५-२५ लिटरचे टप्पे पाडा, प्रत्येक टप्प्याचा फ्लक्स काढा, वेळ मिळवत जा. उत्तर येतं जवळपास सात तास. हा दीड तासाचा फरक म्हणजे निवळी आंबणं, पीएच उतरणं आणि धुलाईच्या आधीच पाळी संपणं. मेंब्रेन तीन चौरस मीटर घ्यायचं की दोन, हे त्या दीड तासानं ठरवायचं.

शर्करा आणखी काढायची असेल तर आटलेल्या ५० लिटरमध्ये पाणी घालत धुवायचं, जितकं बाहेर तितकंच आत. तीन पट, म्हणजे १५० लिटर पाणी गेल्यावर शर्करा पाच टक्के उरते. पाच पटीनंतर एक टक्क्याहून कमी. तीन पटीच्या पुढं पाणी आणि वेळ जास्त जातो, हाती फारसं लागत नाही, म्हणून मी तिथं थांबतो.

उरलेल्या पाण्याचा पत्ता

गावातला आरओ दिवसाला आठ तास चालला तर ३५४० टीडीएसचं सहा हजार लिटर रिजेक्ट निघतं, म्हणजे दिवसाला २१ किलो क्षार. बहुतेक ठिकाणी ते पाइपनं मागच्या उसात सोडतात, त्याच जमिनीत, जिच्या क्षारांमुळं आरओ लावावा लागला. मला हे बघवत नाही. संडास-मुताऱ्यांना, रस्त्यावर मारायला ते चालतं. प्लांटच्या आराखड्यात त्याची टाकी आणि वेगळी लायन पहिल्या दिवशी काढून ठेवा.

निवळीच्या यूएफमधून निघालेलं पिवळसर पाणी स्वच्छ दिसतं, फसू नका. ४५० लिटरमध्ये साडेचार टक्के शर्करा धरली तर वीस किलो. ती कुजताना सुमारे २२ किलो प्राणवायू ओढते. २५ अंशांना लिटरभर नितळ पाण्यात तो आठ मिलिग्रॅमच मावतो, म्हणजे सत्तावीस लाख लिटर ओढ्याचा श्वास जातो. बायोगॅसची टाकी असेल तर तिला हेच खाद्य चालतं. टाकी नसेल तर ती बांधून होईपर्यंत यूएफचा पंप सुरू करू नका.